मोकळं करून आणू नये

आमच्या दवाखान्याच्या दारावर एक पाटी टांगलेली आहे. तिच्या एका बाजूला एक वाक्य लिहिलंय आणि मागच्या बाजूला बरोबर त्याच्या उलटं. दोन्हीकडचं अक्षर आमच्या ह्यांचं. हे पोस्टातून निवृत्त झाले आणि मी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सरकारी नोकरीतून. पाटी ह्यांनी लिहिली, पण उलटी मी केली. ती का उलटी करावी लागली, हेच आज सांगायचं आहे. बाकी माझ्या नोकरीच्या आठवणी बहुतेक शेणाच्याच आहेत. दिवाळीच्या फराळासोबत वाचायला त्या बऱ्या नाहीत.

नोकरीत असताना माझे पेशंट म्हणजे गाय, म्हैस, बैल आणि बकरी. खांद्यापर्यंत हात घालून गाय गाभण आहे की नाही ते सांगायचं, हा आमचा रोजचा धंदा. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी मी एक जुनं, हातात धरून नेता येईल असं सोनोग्राफी मशीन घेतलं. गावोगावी त्याला ‘गायीचा टीव्ही’ म्हणत. टीव्ही लावला की गोठ्याबाहेर ही गर्दी! गोऱ्हा आहे का कालवड, हे सांगा म्हणून लोक मागे लागत. एका गृहस्थाने तर माझ्यासमोर खुर्ची टाकून, पानाचा डबा उघडून, ‘लावा आता’ असं फर्मान सोडलं होतं. त्यांची गाय नुसतीच फुगलेली निघाली. ते माझ्यावर वर्षभर रुसून होते, जणू वासरू मीच काढून घेतलं.

मग वाशिमला घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना टाकला आणि कुत्री यायला लागली. त्यातही म्हातारी. मला स्वतःलाच नवल वाटलं. माझ्या लहानपणी आमच्याकडचं कुत्रं म्हातारं होतच नसे. ते रस्त्यावर जायचं, नाहीतर भांडणात, नाहीतर पिसाळून. आता लोक लस देतात, दूध-भाकर देतात, घरात झोपवतात. कुत्रं बारा-तेरा वर्षांचं होतं. म्हातारपण ही आपल्याकडच्या कुत्र्यांना अलीकडेच मिळालेली गोष्ट आहे आणि म्हातारपणासोबत येणारी दुखणीही. त्यातलं एक दुखणं मला फार उशिरा ओळखता आलं. ते म्हणजे लघवीच्या पिशवीतली गाठ.

आता पाटीकडे येते. खोलीत नवी पांढरी फरशी होती. कुत्रं दवाखान्यात आलं की घाबरतं आणि घाबरलं की टेबलाच्या पायाशी तंगडी वर करतं. दिवसातून आठ-दहा वेळा फरशी पुसायचं काम ह्यांच्याकडे होतं. माझ्या नोकरीत ह्यांनी कधी तक्रार केली नाही, पण फरशीपुढे माणसाची सहनशीलता संपते. एका सकाळी दारावर पाटी आली: ‘कुत्र्यास बाहेर मोकळे करून मगच आत आणावे.’ अंगणात कडुनिंबाचं झाड होतंच. मीही म्हटलं, चांगलं झालं.

पाटी कोणी फारशी वाचत नसे. वाचली ती एकट्या तुळशीरामभाऊंनी.

तुळशीरामभाऊ रिठदचे. एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला अजून पेन. ते स्कूटरवर यायचे आणि स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत त्यांचा पिंट्या बसलेला असायचा. तांबूस रंगाचा, एका कानाचं टोक गेलेला, अकरा वर्षांचा गावठी कुत्रा. भाऊ नोकरीत होते तेव्हा पिंट्या रोज संध्याकाळी फाट्यावर त्यांची गाडी घ्यायला जायचा. म्हणजे गाडीतून भाऊ उतरले की हा पुढे आणि ते मागे, असे दोघं घरी.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात थांबून पाटी मोठ्यानं वाचली. ‘हे बरोबर लिव्हलं,’ ते ह्यांना म्हणाले. ‘आमीबी गाडी सुटायच्या आदी हेच सांगत होतो. बापाहो, आदी मोकळे होऊन या, मधात गाडी थांबनार नाई.’

हे खूश. शिस्तीचा माणूस भेटला म्हणून ह्यांनी त्यांना स्वतःच्या हातचा चहा पाजला. माझ्या वाट्याला असा चहा वर्षातून दोनदा येतो.

तो एप्रिल होता. जयंतीची तयारी चालली होती, रस्त्याने निळ्या पताका लागल्या होत्या आणि उन्हाने डांबर वितळत होतं. पिंट्या घडी घडी लघवीला बसत होता, थोडी थोडी करत होता आणि शेवटी दोन थेंब रक्त येत होतं. आमच्या वाशिमकडे एप्रिलमध्ये असं कोणाचंही झालं, माणसाचं की जनावराचं, की एकच निदान होतं: उन्हाळी लागली. धन्याचं पाणी पाजा, सब्जा पाजा. मी डॉक्टर असून माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. जंतुसंसर्ग धरून सात दिवसांची औषधं दिली. पिंट्याला बरं वाटलं.

इथंच ही गाठ फसवते. गाठीच्या आधाराने जंतूही वाढलेले असतात. औषधाने जंतू मरतात, त्रास कमी होतो, डॉक्टर खूश, मालक खूश आणि गाठ आपली तिथंच. महिन्याभराने पिंट्या पुन्हा आला. या वेळी मी पोटावर जेली लावून मशीन ठेवलं. पिशवी आक्रसलेली, तिची भिंत जाड दिसत होती. मी म्हटलं, ‘पिशवीला सूज आहे.’ पुन्हा औषध. तिसऱ्यांदा आला, पुन्हा तेच चित्र, पुन्हा मी तेच म्हटलं.

न कळणाऱ्यांसाठी सांगते. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं आणि मांस करडं. लघवीने भरलेली पिशवी म्हणजे पडद्यावर एक स्वच्छ काळं तळं. त्या तळ्यात काही वाढलेलं असेल तर ते लगेच दिसतं. पण तळंच आटलेलं असेल तर भिंतीला भिंत चिकटते, सगळंच जाड आणि करडं होतं. त्यात गाठ असली काय आणि नसली काय. पिशवी भरलेली हवी, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण बाहेर पाच पेशंट बसलेले असत, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला घडी घडी लागते तर पिशवी रिकामीच असणार, असं मी स्वतःला सांगून टाकलं. ज्याला आपण अनुभव म्हणतो, त्यात असा आळस बराच असतो.

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. बैलांच्या खुरांची, शिंगांची कामं आटोपून मी हात धूत होते. खिडकीतून कडुनिंब दिसतो. झाडाखाली तुळशीरामभाऊ पिंट्याला गोल गोल फिरवत होते. पिंट्या बसायचा, कुंथायचा, उठायचा, चार पावलं जाऊन पुन्हा बसायचा. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, ‘हं, कर बापा, कर. अजून जराकसं. मधात गाडी थांबनार नाई, आदीच सांगून ठेवतो.’

मी ओल्या हातांनी बाहेर गेले. ‘भाऊ, काय करून राह्यले तुमी?’

‘मोकळं करून राह्यलो ना, मॅडम. तुमचाच नेम हाय.’

‘दर वेळी करता?’

‘दर वेळी. पह्यल्या खेपेपासून. पाव पाव घंटा फिरवतो. एक थेंब ठेवत नाई,’ ते अभिमानाने म्हणाले. ‘तुमच्या फरशीले डाग लागला तं मले कसंतरीच वाटन.’

मी पाटीकडे पाहिलं. चार महिने मी आटलेल्या तळ्यात मासा शोधत होते, आणि तळं आटवायला मीच सांगितलं होतं.

‘आता करू देऊ नका,’ मी म्हटलं. ‘त्याला पाणी पाजू. पिशवी भरू द्या, मग पाहू.’

‘थो थांबते कुठं, मॅडम? थेंब थेंब चालूच राह्यते त्याचं.’

खरं होतं ते. नळी घालून पिशवी भरता येते, पण कुंथून कुंथून त्याची जागा आधीच दुखरी झाली होती. मला ते शक्यतो टाळायचं होतं. कुत्रं गाढ झोपलं की लघवी धरून ठेवतं. मी म्हटलं, ‘हा झोपेल का इथं?’

भाऊंनी विचार केला. मग व्हरांड्यात भिंतीला टेकून मांडी घातली, पिंट्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात रिसोडच्या गाडीचे थांबे म्हणायला लागले. वाशिम स्टँड, मग नाका, मग पुलाचा थांबा, मग शाळेचा फाटा, एकेक करत रिसोडपर्यंत. रिसोड आलं की तिथून उलटे. ‘घरी याच्या आंगावर हात ठेवून मी हेच म्हनतो,’ ते मला म्हणाले. ‘मले दुसरं काई पाठच नाई.’ तिसऱ्या फेरीला पिंट्याचे डोळे मिटले.

हे आतून जुनी चादर घेऊन आले. मला वाटलं फरशीवर टाकतील. ह्यांनी ती पिंट्याच्या अंगाखाली सरकवली आणि स्वतः पायरीवर बसून राहिले. आलेल्या दोन पेशंटना ‘मागच्या दाराने या’ असं खुणेनं सांगितलं.

त्या तासाभरात मी भाऊंना सगळं समजावून सांगितलं. ‘पिशवीत खडा असेल तर तो सुटा असतो. रक्ताची गुठळी असेल तर तीही बहुतेक सुटी. कुत्र्याला कुशीवरून वळवलं की ती खाली घरंगळते. खडा असला तर आपरेशनने निघतो, पिंट्या बरा होतो.’

‘अन् नाई घरंगळला तं?’

‘मग तो तिथंच उगवलेला आहे. गाठ.’

भाऊ थांबे म्हणत राहिले.

पिंट्याला उचलून आत नेलं. दोन लोडांच्या मधल्या खोबणीत उताणा निजवला. भाऊ त्याच्या डोक्याशी उभे. मी जेली लावली, मशीन टेकवलं. पडद्यावर पहिल्यांदा काळं तळं दिसलं. पूर्ण भरलं नव्हतं, पण पुरेसं होतं. आणि तळ्याच्या निमुळत्या टोकाला, जिथून लघवीची वाट सुरू होते तिथे, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी करडं बसलेलं होतं.

भाऊंना पडद्यातलं काही कळत नसावं असं मला वाटलं. पण ते म्हणाले, ‘थे काय हाय?’

‘बघू. हळूच डाव्या कुशीवर करा.’

आम्ही दोघांनी मिळून पिंट्याला वळवलं. ते करडं जिथल्या तिथं. मी थोडा वेळ थांबले. कधी कधी खडा सावकाश सरकतो. मग उजव्या कुशीवर घेतलं. खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज तेवढा होता. मी मनातल्या मनात ‘सरक, सरक’ म्हणत होते. डॉक्टरने असं म्हणू नये, पण मी म्हणत होते.

‘उतरून नाई राह्यला, मॅडम,’ भाऊ म्हणाले.

मी मान हलवली.

‘तीस वर्षं हेच केलं. कोन उतरला, कोन नाई उतरला, मले लवकर समजते.’ त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पिंट्याच्या पोटावरची जेली पुसायला सुरुवात केली. पुसून झाली तरी पुसत राहिले.

नोकरीत चुका झाल्या नाहीत असं म्हणणारा डॉक्टर मला भेटलेला नाही, पण मालकाच्या डोळ्यात पाहून चूक कबूल करणारेही थोडेच. मीही त्यातली नव्हते. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघालं. ‘भाऊ, हे मला चार महिन्यांआधी दिसायला पाहिजे होतं. पिशवी रिकामी ठेवून मी बघत राहिले. चूक माझी आहे. तुम्ही तर मी सांगितलं तेच केलं.’

त्यांनी दुपट्ट्याची घडी करून तो पुन्हा खांद्यावर टाकला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

‘तवाच दिसलं असतं तं कापून काढता आलं असतं?’

‘नाही. ही जागा अशी आहे की कापता येत नाही. पण गोळी लवकर सुरू झाली असती. चार महिने त्याला कमी दुखलं असतं.’

‘मंग आता सुरू करा,’ ते म्हणाले. ‘अन् एक सांगतो, मॅडम. मी रोज माह्या बायकोले म्हनत होतो, आपल्याच खाऊ घालन्यात काई चुकलं. थे रडे. तुमी तोंडावर सांगतलं म्हनून आमच्या डोक्यावरचं थे उतरलं. नाई तं कोन सांगते?’

माझी चूक ऐकून माझेच आभार मानणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ह्यांनी त्याच संध्याकाळी पाटी काढली, तिच्या मागच्या बाजूला लिहिलं आणि माझ्या हातात दिली. मी ती उलटी करून टांगली: ‘कुत्र्यास बाहेर मोकळे करून आणू नये. आत झाले तरी चालेल.’

लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला अकोल्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवल्या. पोटातून सुई घालून तुकडा काढायचा मोह मी टाळला, कारण सुईच्या वाटेने ही गाठ बाहेर पसरू शकते. उत्तर आलं ते अपेक्षितच होतं: कॅन्सर. मग मूत्रपिंडं तपासून गोळी सुरू केली. ही गोळी सूज आणि वेदना कमी करते आणि या गाठीला काही दिवस लगामही घालते. मात्र ती वजनावर मोजून आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायची असते. आपली सांधेदुखीची गोळी मनाने कुत्र्याला दिली तर मूत्रपिंडं जातात, हे मी इथं मुद्दाम लिहिते. एवढं एक वाक्य कोणी लक्षात ठेवलं तरी लेखाचं सार्थक झालं.

पिंट्याला गोळी मानवली. आठवड्याभरात त्याचं कुंथणं थांबलं. भाऊंच्या बायकोने जुन्या लुगड्यांच्या घड्या करून त्याला घरातच जागा केली. पुढच्या जयंतीला मी मिरवणूक पाहायला उभी होते, तर गर्दीच्या कडेने स्कूटर येत होती. पाय ठेवायच्या जागेत पिंट्या, गळ्यात निळी फीत. भाऊंनी मला पाहिलं आणि लांबूनच हात वर केला. माझ्या सगळ्या नोकरीत मिळालेल्या प्रशस्तिपत्रांपेक्षा तो हात मला मोठा वाटतो.

मे महिन्यात पिंट्याची लघवी बंद झाली. भाऊंचा फोन आला, ‘मॅडम, आता बस करू.’ मी आणि हे रिठदला गेलो. अंगणात, लुगड्याच्या घडीवर, भाऊंच्या मांडीवर डोकं ठेवून पिंट्याने ते इंजेक्शन घेतलं. भाऊ थांबे म्हणत होते. रिसोडच्या आधीच त्याचा श्वास थांबला, पण भाऊंनी रिसोडपर्यंत म्हटलं.

मला वाटलं, आता हे कुटुंब आपल्याकडे येणार नाही. महिन्याभराने स्कूटर आली. पाय ठेवायची जागा रिकामी. ‘काई काम नाई,’ भाऊ म्हणाले. ‘असाच आलो.’ आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. तेव्हापासून ते सोमवारी येतात. पाटी काही केल्या कोणी वाचत नाही, पण भाऊंचा आवाज टाळता येत नाही. कोणी कुत्र्याला झाडाकडे नेलं की ते उठतात: ‘ओ दादा! करू देऊ नोका! भरूनच आत न्या!’ लोक दचकतात. एक मास्तर तर कुत्रं काखेत धरून असे धावत आत आले की मला वाटलं आग लागली.

गेल्या महिन्यात किन्हीराजाहून एक शेतकरी नवराबायको आले. काळी कुत्री, राणी, दहा वर्षांची, लघवीतून रक्त. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, कॅन्सर आहे, सोडून द्या शेतात. भाऊंनी झाडाखालून त्यांना आत पिटाळलं. पिशवी काठोकाठ भरलेली होती आणि तळाशी काहीतरी पांढरंशुभ्र चमकत होतं. मी वर पाहिलं. खिडकीच्या गजांना धरून भाऊ उभे होते.

‘वळवा,’ मी म्हटलं. राणीला कुशीवर केलं. पांढरं ते तळ्यातून सरळ खाली गेलं आणि दुसऱ्या कडेला जाऊन बसलं.

मी बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला, ‘उतरला!’

नवराबायकोला काही कळेना. ‘खडा आहे, कॅन्सर नाही, आपरेशनने निघेल,’ असं मी सांगितलं तेव्हा त्या बाईने राणीची मान कवटाळली. राणीनेही तेवढ्यात इतका वेळ धरलेलं सगळं फरशीवर सोडलं. ओघळ दारापर्यंत गेला. हे पोचा घेऊन आले, वाकले आणि म्हणाले, ‘होऊ द्या, होऊ द्या.’

मी खिडकीशी गेले. भाऊंचे डोळे भरलेले होते, माझेही. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. तुमच्या पिंट्यामुळे हे, असं काहीतरी. ते न म्हणता मी म्हटलं, ‘भाऊ, आत या. हे चहा करून राह्यले.’

‘येतो,’ ते डोळे पुसत म्हणाले आणि वळून झाडाकडे चालू लागले. ‘आदी त्या पांढऱ्या कुत्र्याचं पाहून येतो. त्याचा मालक फिरवून राह्यला त्याले.’